ड्युअल बूटमधले तेच तेच बिघाड: गायब बूट मेनू, रीड-ओन्ली ड्राइव्ह आणि त्यामागची कारणं

एकाच गेमिंग पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांच्या, म्हणजे ड्युअल बूटवाल्यांच्या, तक्रारी गेली कित्येक वर्षं त्याच आहेत. काल दिसणारा, कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा बूट मेनू आज नाही, मशीन थेट विंडोजमध्ये शिरतं. लिनक्समध्ये स्टीमने गेम अपडेट करायला घेतला की ‘डिस्क राइट एरर’. घड्याळ काही तास पुढे, नाहीतर मागे. शोधाशोध करून दुरुस्त करावं, काही दिवस बरं चालावं आणि पुन्हा पहिले पाढे.

हे वारंवार होतं याचं कारण असं की आपण लक्षण दुरुस्त करतो, कारण तसंच राहतं. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही सिस्टिम हे मशीन आपलं एकटीचं आहे असं धरूनच चालतात. आपापल्या पार्टिशनमध्ये त्या सुखाने नांदतात. मात्र काही जागा दोघींच्या सामाईक असतात: मदरबोर्डमधली बूटची यादी, सिस्टिम सुरू करायच्या फाइल ठेवणारं ईएफआय पार्टिशन, मदरबोर्डवरचं घड्याळ, एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिममधला गेमचा ड्राइव्ह, ब्लूटूथचा ॲडॅप्टर. नेहमीचे जवळपास सगळे बिघाड याच जागांवर होतात. म्हणून काही बिनसलं की आधी विचारायचं, ही वस्तू दोघींपैकी कोणाची, आणि शेवटचा हात कोणी लावला? निम्मं निदान तिथेच होतं.

शट डाउन केलेलं विंडोज बंद झालेलं नसतं

सुरुवात इथून करतो, कारण बाकी काही केलं नाही आणि एवढं केलं तरी बराच त्रास वाचतो.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. शट डाउन म्हटलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणाची स्थिती ‘हायबरफिल’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. म्हणजे हे अर्धं हायबरनेशन झालं. विंडोजच्या दृष्टीने एनटीएफएसचे ड्राइव्ह अजून उघडेच असतात. आता लिनक्स सुरू केलं की त्याला दिसतं, हा ड्राइव्ह कोणीतरी वापरता वापरता सोडलाय. मग लिनक्समधला एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर तो रीड-ओन्ली माउंट करतो, म्हणजे फक्त वाचता येईल असा जोडतो. लिनक्सच्या कर्नल ५.१५ पासून आलेला एनटीएफएस३ तर अनेकदा माउंटच करत नाही. स्टीमला लिहायला जागा मिळत नाही, म्हणून राइट एरर. लोक हार्ड डिस्क खराब झाली असं समजून बदलायला निघतात. डिस्क ठणठणीत असते.

हा बिघाड कधी होतो, कधी होत नाही, म्हणून डोकं जास्त खातो. त्यालाही साधं कारण आहे. विंडोजमध्ये ‘रीस्टार्ट’ केलं तर ते पूर्ण बंद होऊन सुरू होतं, ‘शट डाउन’ केलं तर नाही. त्यामुळे विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये गेलात तर ड्राइव्ह व्यवस्थित मिळतो, आणि रात्री शट डाउन करून सकाळी लिनक्स उघडलंत तर तोच ड्राइव्ह रीड-ओन्ली. तुमच्याकडे असाच नेम जुळत असेल तर आणखी काही तपासायची गरज नाही.

उपाय: विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढायची. मात्र विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आल्याचं पुष्कळांना दिसतं, म्हणून मी हायबरनेशनच बंद करायला सांगेन. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी’ला ‘/एच ऑफ’ सांगा. हायबरफिल फाइल जाते, फास्ट स्टार्टअपचा पर्यायच यादीतून नाहीसा होतो आणि सी ड्राइव्हवर काही जीबी मोकळे होतात. एसएसडी असलेल्या मशीनवर सुरू व्हायला लागणारा जादा वेळ जाणवतही नाही.

एवढं करूनही ड्राइव्ह रीड-ओन्लीच राहिला तर त्यावर आधीची ‘डर्टी’ (नीट बंद न झाल्याची) खूण शिल्लक आहे. विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर ‘चेकडिस्क’ला ‘/एफ’ लावून चालवा आणि मग रीस्टार्ट करा. लिनक्समधलं ‘एनटीएफएसफिक्स’ घाईत उपयोगी पडतं खरं, पण ते काही किरकोळ गोष्टी सावरून खूण पुसतं, पूर्ण तपासणी करत नाही. आणि हायबरनेट झालेला ड्राइव्ह जबरदस्तीने लिहिण्यासाठी माउंट करायचा सल्ला कुठे वाचलात तर कृपा करून ऐकू नका. लिनक्सने त्यावर लिहिलं आणि नंतर विंडोजने आपली जुनी आठवण जागी करून वर लिहिलं, की फाइलसिस्टिमचा बट्ट्याबोळ होतो. त्यात सेव्ह फाइल जातात, फोटोही जातात.

बूट मेनू गायब झाला तर

इथे घाबरून लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करणारे खूप असतात. थांबा. लिनक्स बहुतेक वेळा जसंच्या तसं जागेवर असतं, फक्त त्याचा पत्ता हरवलेला असतो.

यूईएफआय मशीनमध्ये (ज्यांचं बायॉस, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, नव्या पद्धतीचं आहे) कोणतं लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, चालवायचं याची यादी मदरबोर्डच्या एनव्हीरॅम या मेमरीत असते, आणि लोडरच्या प्रत्यक्ष फाइल डिस्कवरच्या फॅट३२ मधल्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये. यादी वेगळी, फाइल वेगळ्या. विंडोजचं मोठं अपडेट स्वतःचं नाव यादीत पहिलं लावू शकतं. बायॉस अपडेट केलं किंवा सीमॉस क्लिअर केलं (मदरबोर्डच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणल्या) तर यादीच पुसली जाऊ शकते. काही मदरबोर्ड तर एखादा ड्राइव्ह एका बूटला सापडला नाही, तरी त्याची नोंद काढून टाकतात. यातल्या कशानेही लिनक्सच्या फाइलला धक्का लागत नाही.

मशीन सुरू होताना बूट मेनूची की दाबा. आसुसच्या बोर्डवर सहसा एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. जी यादी येईल ती नीट वाचा.

यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’च्या जोडीला ‘उबंटू’, ‘फेडोरा’ किंवा तुमच्या डिस्ट्रोचं (लिनक्सच्या प्रकाराचं) नाव दिसतंय? मग फक्त क्रम बदललाय. ते नाव निवडून लिनक्समध्ये जा, टर्मिनलमध्ये ‘ईएफआयबूटएमजीआर’ चालवा. वरच्या ओळींमध्ये ‘बूटऑर्डर: ००००,०००३’ असं काहीतरी दिसेल आणि खाली प्रत्येक क्रमांकासमोर नाव. ०००३ लिनक्सचा असेल तर त्याच कमांडला ‘-ओ’ लावून ०००३ आधी आणि ०००० नंतर असा क्रम द्यायचा. झालं.

बायॉसमधून क्रम बदलत असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा, कारण यात माणसं तासन् तास अडकतात. बऱ्याच बोर्डांवर बूट ऑर्डरच्या दोन पायऱ्या असतात. वरच्या यादीत डिस्क दिसते, आणि एकाच डिस्कवर दोन लोडर असतील तर त्यांचा आपसातला क्रम ‘यूईएफआय हार्ड डिस्क ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज’ अशा नावाच्या वेगळ्या, आत दडलेल्या यादीत असतो. वरची यादी कितीही हलवली तरी आतल्या यादीत विंडोज पहिलं असेल तर विंडोजच येणार. ‘मी बायॉसमध्ये बदललं पण लागूच होत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं.

लिनक्सचं नाव यादीत नसेलच, तर नोंद पुसली गेलीय. लिनक्सचा लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता ज्यावरून लिनक्स चालतं तो पेन ड्राइव्ह) लावून बूट करा. यूएसबीचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ आहे तेच निवडा, नाहीतर पुढचं काही चालणार नाही. लाइव्ह सिस्टिममधून ‘ईएफआयबूटएमजीआर’नेच नवी नोंद करता येते. डिस्क कोणती, ईएफआय पार्टिशनचा क्रमांक कोणता आणि डिस्ट्रोच्या फोल्डरमधली ‘शिम’ची (लिनक्सच्या पहिल्या लोडरची) फाइल कोणती, एवढं सांगायचं. उबंटूच्या कुळातल्या डिस्ट्रोंसाठी ‘बूट-रिपेअर’ हे ग्राफिकल साधन हेच काम करतं. काही बायॉसमध्ये तर ‘ॲड बूट ऑप्शन’ असतं, तिथून फाइल निवडली की यूएसबीचीही गरज नाही. फेडोरा वापरणाऱ्यांनी मात्र यूईएफआय मशीनवर ग्रबची (बूट मेनू दाखवणाऱ्या लिनक्सच्या लोडरची) ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही कमांड चालवू नये. तिथे शिम आणि ग्रबची पॅकेजेस पुन्हा बसवणं हाच मार्ग आहे.

मेनूऐवजी नुसतं ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारा कर्सर दिसत असेल तर ही बाब वेगळी. लोडर सापडलं, पण त्याला स्वतःचं पार्टिशन सापडत नाही. विंडोजमधून पार्टिशन काढून किंवा लहान-मोठं करून झाल्यावर हे हमखास होतं. इथे लाइव्ह यूएसबीवरून ग्रबच दुरुस्त करावं लागतं.

याच्या उलट तक्रारही येते: ग्रबचा मेनू आहे, पण त्यात विंडोज नाही. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला असतो. काही डिस्ट्रो तो चालू करून देतात, काही नाही. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करून मेनू पुन्हा तयार केला की विंडोज दिसायला लागतं.

सिक्युअर बूट: बंद करून टाका हा सल्ला आता पुरत नाही

सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही असलेलंच लोडर चालू देणारी मदरबोर्डची सोय. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या मासिक सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरूच होईना. पडद्यावर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ अशी ओळ यायची आणि मशीन बंद व्हायचं. जुन्या, भोकं असलेल्या बूट लोडरना अटकाव करणारी एसबॅट नावाची यादी त्या अपडेटने मदरबोर्डमध्ये लिहिली होती. ड्युअल बूट मशीनना ती लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण दुसरी सिस्टिम आहे हे ओळखणं सगळीकडे जमलं नाही. उतारा असा होता: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ‘मोकयूटिल’ने एसबॅटचं धोरण ‘डिलीट’ करायचं, एकदा रीबूट, डिस्ट्रोचं शिम अपडेट, आणि सिक्युअर बूट परत चालू. आजही ही ओळ दिसली तर क्रम हाच.

यातलं शेवटचं पाऊल बरेच जण गाळतात. एरवी ते खपून गेलं असतं, पण गेमिंग मशीनवर खपत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. २०२५ मध्ये आलेला बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूटशिवाय सुरू होत नाही. म्हणजे लिनक्स चालावं म्हणून सिक्युअर बूट बंद केलं की विंडोजचे गेम अडतात, ते चालावेत म्हणून चालू केलं की लिनक्स अडतं, आणि बायॉसमधल्या येरझाऱ्या हाच एक नवा वारंवार होणारा बिघाड होऊन बसतो. यातून सुटायचं तर सिक्युअर बूट कायम चालू ठेवून लिनक्सला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावणं, एवढीच वाट आहे.

ती अवघड नाही. उबंटू, फेडोरा यांसारख्या मोठ्या डिस्ट्रोंचं शिम सही केलेलं असतं. अडचण येते ती एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची, कारण तुमच्याच मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या भागावर) सिक्युअर बूटच्या ओळखीची सही नसते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीबूटला निळ्या पडद्यावर ‘परफॉर्म मोक मॅनेजमेंट’ येतं (मोक म्हणजे मशीनच्या मालकाने नोंदवलेली सहीची की). तिथे काही सेकंदांत की दाबून ‘एनरोल मोक’ निवडायचं आणि तो पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काय आहे हे माहीत नसल्यामुळे लोक सरळ ‘कंटिन्यू बूट’ दाबतात. मग ड्रायव्हर लोड होत नाही, रिझोल्यूशन पडतं, गेम दहा-पंधरा फ्रेमवर रांगतात आणि दोष ड्रायव्हरला जातो. सीमॉस क्लिअर केल्यावर अचानक असं झालं तर ती नोंदवलेली कीसुद्धा पुसली गेली आहे का हे आधी बघा.

यातलं काहीही करण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. ही सूचना मी अगदी कळकळीने करतोय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं, आणि अनेकांना ते ठाऊकच नसतं. सिक्युअर बूटची स्थिती बदलली, टीपीएम साफ झालं किंवा बायॉस अपडेट केलं की विंडोज ४८ आकडी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून घ्या, आणि बदल करण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. ग्रबच्या मेनूतून विंडोज उघडल्यावर दर वेळी की मागितली जात असेल तर त्याचं कारणही हेच: बूटच्या साखळीत नवी कडी आलेली टीपीएमला दिसते. अशा मशीनवर विंडोज ग्रबमधून उघडू नका, मदरबोर्डच्या बूट मेनूतून उघडा.

घड्याळ आणि ब्लूटूथ

घड्याळाचं चटकन सांगून टाकतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). त्यामुळे तुमचा टाइम झोन यूटीसीपासून जितका दूर, नेमकी तितकीच चूक दिसते. चूक तेवढीच असेल तर मदरबोर्डचा सेल बदलू नका. वेळ चुकली की ब्राउझर सर्टिफिकेटच्या नावाने ओरडतो, दोन पायऱ्यांच्या लॉगिनचे कोड चालत नाहीत, आणि गेमचा सर्व्हर आत घेत नाही. सोपा उपाय लिनक्सच्या बाजूने आहे: ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट-लोकल-आरटीसी १’ सांगायचं. मला दुसरा जास्त पटतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘टाइमझोनइन्फर्मेशन’खाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही डीवर्ड किंमत १ करायची, म्हणजे दोन्ही यूटीसीवर येतात. पण दोन्हीपैकी एकच करा. दोन्ही केलेत तर चूक फक्त बाजू बदलते.

कंट्रोलर किंवा हेडफोन दर वेळी नव्याने पेअर करावा लागतो, तेही याच जातीचं. ॲडॅप्टर एकच, त्यामुळे कंट्रोलरला दोन्हीकडे एकच पत्ता दिसतो, पण प्रत्येक सिस्टिम पेअरिंगची वेगळी की बनवते आणि कंट्रोलर शेवटचीच लक्षात ठेवतो. विंडोजच्या रजिस्ट्रीतली की काढून लिनक्सच्या ब्लूटूथ फोल्डरमध्ये टाकता येते, पण हे किचकट काम आहे. केबल लावा, किंवा कंट्रोलरचा स्वतःचा वायरलेस डोंगल असेल तर तो वापरा.

गेमची लायब्ररी सामाईक ठेवावी का

माझं मत: नको. एनटीएफएसवरचा गेम प्रोटॉनने (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या स्टीमच्या साधनाने) चालतो, पण प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कॉम्पॅटडेटा’मध्ये एक छोटं विंडोज उभं करतो आणि त्यात ‘सी:’ अशा नावाच्या लिंक असतात. फाइलच्या नावात कोलन विंडोजला चालत नाही. आज ना उद्या चेकडिस्कला ते खटकतं. एक्सफॅट या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर तर अशा लिंक बनवताच येत नाहीत. सामाईक ठेवायचंच असेल तर निदान कॉम्पॅटडेटाचं फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवून तिकडे लिंक द्या.

तसंही गेमची वाटणी आपोआप होते. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत, एपेक्स लेजंड्सने २०२४ च्या अखेरीस लिनक्सवरून खेळणाऱ्यांना दार बंद केलं. ते विंडोजच्या ड्राइव्हवर राहू द्या. एकट्याने खेळायचे बहुसंख्य गेम प्रोटॉनवर उत्तम चालतात, ते एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर घ्या. पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. एनटीएफएसवरून गेमचं फोल्डर लिनक्सच्या लायब्ररीतल्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये कॉपी करा, स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. स्टीम आहे त्या फाइल तपासून फक्त राहिलेलं उतरवतं.

एकदाच नीट मांडून ठेवायचं असेल तर

दोन वेगळे ड्राइव्ह घ्या, प्रत्येकावर त्याचं स्वतःचं ईएफआय पार्टिशन. विंडोजचा इन्स्टॉलर आधीपासूनचं ईएफआय पार्टिशन दिसलं की आपलं लोडर तिथेच नेऊन टाकतो, मग ते दुसऱ्या ड्राइव्हवर का असेना. म्हणून विंडोज बसवताना लिनक्सचा ड्राइव्ह काढून ठेवा, किंवा बोर्डावर सोय असेल तर बायॉसमधून बंद करा. लिनक्स बसवताना उलट करा. बसवून झाल्यावर एक-एक ड्राइव्ह एकटा लावून बूट करून बघा. दोन्ही एकटे सुरू झाले तर मांडणी बरोबर जमली.

एकच ड्राइव्ह असेल तर ईएफआय पार्टिशनच्या आकाराकडे लक्ष द्या. विंडोज ते बऱ्याचदा १०० एमबीचंच बनवतं. ग्रब त्यात मावतं, पण ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हे लोडर वापरणारे डिस्ट्रो कर्नलही तिथेच ठेवतात, आणि दोन-तीन कर्नलमध्ये जागा संपून अपडेट अर्धवट राहतं. कोरी डिस्क असेल तर आधी लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून १ जीबीचं ईएफआय पार्टिशन करून ठेवा आणि मग विंडोज बसवा, ते तेच वापरेल.

वेगळ्या ड्राइव्हच्या मांडणीत लिनक्सचा ड्राइव्ह बायॉसमध्ये पहिला ठेवा. विंडोज हवं तेव्हा बूट मेनूची की दाबा. विंडोजमधून लिनक्सकडे यायचं तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, ‘यूज अ डिव्हाइस’मध्ये लिनक्सचं नाव मिळतं. विंडोजचं मोठं अपडेट झालं की दोनच गोष्टी तपासा: फास्ट स्टार्टअप परत आलंय का, आणि बूटऑर्डरमध्ये पहिला क्रमांक कोणाचा आहे.